अडीच महिन्यांचं पिल्लू आणि 22 मेंढ्या: हाकायला कसं शिकवायचं?

हाकायला शिकवूच नका. पिल्लू धनगराच्या वाड्यावरचं आहे आणि व्हिडिओतल्या बॉर्डर कोलीसारखं त्याने मेंढ्या वळवून आणाव्यात, असं तुम्ही लिहिलंय. ती दोन कामं वेगळी आणि कुत्रीही वेगळी. कोली शिकाऱ्याच्या चालीने काम करते: नजर रोखायची, दबकत जायचं, पाठलाग करायचा, चावा तेवढा घ्यायचा नाही. राखणीच्या कुत्र्यात हीच चाल दिसली तर तो दोष. त्याने मेंढरांत पडून राहायचं आणि परकं काही आलं की मध्ये उभं राहून भुंकायचं. 22 मेंढ्या वळवायला कुत्रं लागत नाही. एका हावरट मेंढीच्या किंवा शेळीच्या गळ्यात घंटा बांधा, रोज एकच हाळी देऊन तिला मूठभर मका चारा. थोड्याच दिवसांत बाकीच्या तिच्यामागे येतात.

आता राखणीचं. पिल्लाची संगत साधारण आठव्या ते सोळाव्या आठवड्यात पक्की होते. तुमच्याकडे त्यातला सव्वाएक महिना उरलाय, म्हणून ते ओसरीवर झोपत असेल तर आज रात्रीपासूनच मेंढ्यांत हलवा. वाघरीच्या (कळपाभोवती लावतात त्या सुताच्या जाळीच्या) किंवा गोठ्याच्या आत एका कोपऱ्यात सहा बाय सहा फूट जागा जाळीने वेगळी करा. जाळीला आठ-नऊ इंचांची फट ठेवा, म्हणजे पिल्लू आत-बाहेर करेल पण मोठी मेंढी शिरणार नाही. ढुशी बसली की पळायला त्याला हक्काची जागा लागते, नाहीतर ते मेंढ्यांना कायमचं घाबरतं. सोबतीला तीन-चार शांत मेंढ्या निवडा. नुकती व्यालेली नको, नर मेंढा तर अजिबात नको.

खाणं त्याच कोपऱ्यात द्या. दूध-भाकरीचं ताट उघड्यावर ठेवलं की मेंढ्या तोंड घालतात, पिल्लू गुरगुरायला शिकतं आणि पुढे एखादीचा कान फाडतं. असं चावरं झालेलं कुत्रं बहुतेक वेळा माणसाच्या या आळसामुळे बिघडलेलं असतं.

लाड किती करायचे यावर लोक वाद घालतात. मुळीच हात लावायचा नाही, हे चूक. दिवसातून दोनदा पाचेक मिनिटं जवळ जा. पट्टा घालू देणं, तोंड उघडून गोळी घेणं, साखळीवर चालणं, नावाने येणं आणि ‘नाही’ म्हटल्यावर थांबणं, एवढं त्याला यायला हवं. मात्र हे सगळं मेंढ्यांत उभं राहून करा. घरी न्यायचं नाही, पोरांना खेळायला द्यायचं नाही.

खरी कटकट पाचव्या ते दहाव्या महिन्यात. अंगात ताकद येते, अक्कल यायची असते. लोकर ओढणं, कान चघळणं, कोकरांमागे धावणं हे सगळं खेळ म्हणून सुरू होतं. पण कोकरू पळालं की खेळाची गोडी वाढते, आणि सवय लागली की मोडत नाही. या काळात त्याला कोकरांपासून तोडा, न पळणाऱ्या थोराड मेंढ्यांत ठेवा आणि चरायला नेताना पंधरा-वीस फुटांची दोरी लावा. पळायला लागलं की पाय दोरीवर द्या आणि ‘नाही’ म्हणा, त्याच क्षणी. पाच मिनिटांनी मारलात तर ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकेल. लोढणंही चालतं: दीडेक फुटाचं लाकूड पट्ट्याला असं टांगा की धावताना गुडघ्यांवर आपटेल. रात्री आणि काटेरी झुडपांत ते काढायचंच. वर्षाचं होईपर्यंत त्याच्या एकट्यावर कळप सोडू नका. भरवसा ठेवायला दीड-दोन वर्षं जातात.

आमच्या चुलत्यांना हे सगळं चोचले वाटतं. त्यांच्या मते कुत्रं उपाशी ठेवलं, कान कापले, दिवसभर साखळीला बांधलं की ‘तिखट’ होतं. त्यांच्या वाड्यावरचं काळं कुत्रं तसंच वाढवलेलं होतं. पाहुण्याच्या पिंडरीला धरायचं, म्हणून त्याचं भारी कौतुक. दिवस मावळताना लांडगा आला तेव्हा ते माणसांच्या पालापाशी बांधलेलं आणि मेंढ्या पलीकडच्या अंगाला. साखळीला हिसके देत भुंकत राहिलं, लांडगा कोकरू घेऊन गेला. पुढे एकदा साखळी सोडून पाहिली, तर ते मेंढ्यांकडे न जाता भाकरीच्या टोपल्याकडे गेलं. त्याला मेंढ्या आपल्या वाटाव्यात असं कोणी काही केलंच नव्हतं. माणसाला चावणं आणि कळप राखणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. लांडगा सहसा कुत्र्याशी झुंजायला येत नाही. मध्ये कोणी ठाम उभं आहे असं दिसलं की बरेचदा वाट बदलतो. कान कापून ते कुत्रं मेंढ्यांत कसं झोपायला लागेल, हे चुलत्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

औषधपाण्यात कंजुषी नको. रेबीजची लस तीन महिन्यांचं झालं की आणि मग दरवर्षी. मेलेल्या मेंढीचं डोकं किंवा आतडी-काळीज कुत्र्याला कच्चं घालू नका. मेंढी एकाच बाजूला गोल फिरत राहते तो रोग याच चक्रातून येतो: मेंढीच्या मेंदूतला फोड कुत्र्याने खाल्ला की त्याच्या पोटात पट्टकृमी होतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर येतात आणि पुन्हा मेंढीत जातात. त्यावर प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध कुत्र्याला द्या: वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम, निदान दर तीन महिन्यांनी. उरलेलं मेंढ्यांचं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांचं औषध) कुत्र्याला टोचू नका. कोलीच्या रक्ताच्या अनेक कुत्र्यांत ते मेंदूत शिरून जीव घेतं, म्हणून उद्या कोली आणलीत तर हे आधी लक्षात ठेवा.

व्यायच्या हंगामात पहिल्या वर्षी तुम्ही स्वतः हजर राहा. कोकरू चाटायला पिल्लू पुढे झालं तर मेंढी बिथरते आणि कोकरू टाकते. वार (व्याल्यावर पडणारी झिल्ली) लगेच उचलून पुरा.

आणि हो, हे सगळं लांडग्यापुरतं आणि मोकाट कुत्र्यांपुरतं. तुम्ही जुन्नर-शिरूरसारख्या उसाच्या पट्ट्यात असाल तर बिबट्या आधी कुत्रंच उचलतो. तिथे काट्यांचा पट्टा घाला, दोन कुत्री ठेवा आणि रात्री मेंढ्यांसकट कुत्र्यांनाही वरून जाळी असलेल्या गोठ्यात घ्या. वाघरीच्या सुताने बिबट्या अडत नाही.