मोराला एवढी कार्डं कशाला?

प्रश्न : चादरीत मोर विणायला जकार्डच्या, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणाऱ्या यंत्रणेच्या, भोकं पाडलेल्या कार्डांची ही भली मोठी माळ लागते. सोपं काही नाही का? – एक यंत्रमागवाला, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : साध्या कापडात ताण्याचे, म्हणजे उभे, धागे दोनच गटांत वरखाली होतात, तिथे माळ नकोच. मोराच्या मानेला मात्र आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या दर फेरीला वेगळे धागे उचलावे लागतात. फेरीला एक कार्ड, भोक असेल तिथला धागा वर. इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतलंत तर माळ जाईल, हिशेब मात्र फाइलमध्ये तेवढाच राहील! नियंत्रणशास्त्राचे ब्रिटिश अभ्यासक रॉस अ‍ॅशबी यांनी १९५६ मध्ये हेच मांडलं: समस्येत जितकं वैविध्य, तितकं उपायातही हवं. क्षयरोगाचंच बघा ना. एकट्या औषधाला जंतू पुढे दाद देत नाहीत, म्हणून सुरुवातीचे २ महिने ४ औषधं एकत्र. आणि मोराला गिऱ्हाईकच नसेल, तर सरळ चौकडी विणा.