सरावाच्या रिंगणात उतरण्याआधी

उद्या पहिल्यांदाच चार-पाच घोड्यांत फिरणार आहेस ना, मग आधी दारातच थांब. "येतोय" असं मोठ्यानं सांग, आतून "ये" आलं की मगच घोडा आत घे. अकलूजला वारीच्या रिंगणात लोक कडेला उभे राहून अश्वांना वाट देतात, इथे ती मागून घ्यावी लागते.

समोरून कोणी आलं तर डावा खांदा डाव्या खांद्याला. म्हणजे तू उजवीकडे सरकायचं. आयुष्यभर सोलापुरात सात रस्ता चौकात डावीकडून स्कूटर चालवलेल्याचा इथेच घोळ होतो. माझाही झाला. दुडक्या चालीत सवयीनं डावीकडे वळलो आणि समोरच्याची रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, माझ्या गुडघ्याला घासून गेली. चूक माझीच.

पुढच्या घोड्यापासून निदान आठ फूट लांब राहा. शेपटीला लाल फीत दिसली तर आणखी दूर. तो घोडा लाथ झाडतो. हळू चालवायचंय तर आतल्या बाजूनं, कडेची वाट वेगात असलेल्यांची. दोन फेऱ्यांनी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा बघ, तो कसताना घोड्यानं फुगवलेलं पोट तोवर आत जातं आणि खोगीर सरकतं. पण त्यासाठी मधोमध थांब, वाटेत नाही.

कोणी पडलं, घोडा सुटला, तर सगळ्यांनी जागेवर थांबायचं. मागे धावलास तर तो आणखी पळेल.

आणि मे महिन्यात सात वाजायच्या आत ये. आपल्याकडचं ऊन तुला ठाऊकच आहे, घोड्याला टोपी नसते.