वाईट विचार मनात आला, म्हणूनच वाईट घडलं का?

'मॅनिफेस्टेशन करतेय, पण मधेच वाईट विचार येतो. त्यानं सगळं फिसकटेल का?' स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींकडून हल्ली हा प्रश्न वारंवार येतो. मॅनिफेस्टेशन म्हणजे हवं ते मिळालंच आहे असं मनात धरलं, लिहिलं की ते घडतं, ही समजूत. पुढची केस अशा अनेकांच्या बोलण्यातून जुळवलेली आहे.

पुण्यात राहून एमपीएससी करणारी २६ वर्षांची मुलगी. रोज ३६९ची वही: 'मी उपजिल्हाधिकारी झाले आहे' हे सकाळी ३ वेळा, दुपारी ६, रात्री ९. लिहिताना 'नापास' शब्द डोक्यात आला की पान फाडायचं आणि पहिल्यापासून सुरू. अशातच वडिलांना हार्ट अटॅक आला. "मॅडम, माझ्याच विचारांनी झालं हे."

"असं काही नसतं गं" म्हणून भागत नाही. तेवढा दिलासा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. तिला कागदावर मोठं वर्तुळ काढायला सांगितलं. अटॅकची कारणं लिहायची आणि प्रत्येकाला वाटा द्यायचा, स्वतःचा सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की फसतं. आधी स्वतःला मांडलं तर अर्धं वर्तुळ तिथंच संपतं. वडिलांची बिडी, मनानंच बंद केलेल्या बीपीच्या गोळ्या, आजोबांचा हृदयविकार, वय. वर्तुळ भरलं. 'नापास'ला जागा उरली नाही. एक बारीक फोड मात्र तिनं स्वतःहून ठेवली: सुट्टीत घरी गेल्यावर गोळ्यांची चौकशी केली नव्हती. ती आम्ही पुसली नाही. त्या फोडीवर उपाय आहे: रोज रात्री फोन करून "बाबा, गोळी घेतली?" एवढं विचारायचं.

वही बंद करायला लावली नाही. लावली असती तर तिनं लपून लिहिलं असतं. नियम बदलले: वाक्य एकदाच, पान फाडायचं नाही, 'नापास' आला तर येऊ द्यायचा. सुरुवातीला धडधड वाढते, ती अपेक्षितच असते. गाडी अडते ती भलतीकडेच: पान फाडणं थांबतं, पण मनात 'कॅन्सल, कॅन्सल' सुरू होतं, किंवा आईला पुन्हापुन्हा "काही होणार नाही ना?" विचारलं जातं. हेही पान फाडणंच.

आशा धरू नये असं नाही. लिएन फाम आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये मांडलेल्या प्रयोगात, चांगले मार्क मिळाल्याचं चित्र रंगवणाऱ्यांपेक्षा अभ्यास कसा करणार याचं चित्र रोज डोळ्यांसमोर आणणाऱ्या विद्यार्थ्यांनी जास्त अभ्यास केला आणि जास्त मार्क मिळवले. म्हणून त्या एका वाक्याखाली आणखी दोन ओळी आल्या. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या पद्धतीतल्या: माझ्यातला अडथळा, आणि त्यावरचं 'जर-तर'. अडथळ्यात तिनं आधी "क्लास चांगला नाही" लिहिलं. बहुतेक जण असंच बाहेरचं कारण लिहितात. खोदून विचारल्यावर खरं निघालं: सीसॅटला, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या कल तपासणाऱ्या पेपरला, पास व्हायला ३३ टक्के पुरतात म्हणून त्याचा अभ्यास कायम उद्यावर. 'जर-तर'मध्येही "मी मनापासून अभ्यास करेन" कामाचं नाही. शेवटी ठरलं ते असं: 'मेसमधून रूमवर आले, तर फोन रूममेटच्या कपाटात आणि सीसॅटचे १० प्रश्न.'

लिहिणं, पुसणं, मनातल्या मनात रद्द करणं यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल, तर ओसीडीची (नको ते विचार आणि त्यापायी तीच ती कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) शक्यता धरून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि या भीतीचा फायदा घेऊन कुणी 'करणी उतरवतो' म्हणत अघोरी उपाय किंवा पैसे मागत असेल, तर महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तक्रार थेट पोलीस ठाण्यात करता येते.