'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स'मधल्या उलरिख म्यूहेचं आणखी काय पाहावं?

तुम्ही विचारलंय, की त्या जर्मन सिनेमात हेडफोन लावून दुसऱ्याचं घर चोरून ऐकत बसणारा हा नट त्याआधी कुठे होता. 2006 साली तो जगाला दिसला खरा, पण तेव्हा त्याच्या कामाला पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती.

म्यूहे 1953 साली पूर्व जर्मनीतल्या ग्रिमा गावी जन्मला. सक्तीच्या लष्करी सेवेत त्याने बर्लिनच्या भिंतीवर पहारा दिला, तिथेच पोटाच्या अल्सरने आजारी पडला. मग लाइपझिगला नाट्यशिक्षण, आणि पुढे बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमधला आघाडीचा नट. 4 नोव्हेंबर 1989 रोजी पूर्व बर्लिनच्या आलेक्झांडरप्लाट्झ चौकात राजवटीविरुद्ध लाखो लोक जमले, तेव्हा भाषण करणाऱ्यांत तो होता. पाच दिवसांनी भिंत उघडली. म्हणून स्टासीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, कॅप्टन वीस्लर 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स'मध्ये साकारताना त्याला कुठलं पुस्तक चाळावं लागलं नाही. तयारी कशी केली असं विचारल्यावर, मी फक्त आठवलं, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं होतं.

त्यातला लिफ्टचा प्रसंग पुन्हा बघा. चेंडू घेतलेला लहान मुलगा विचारतो, तुम्ही खरंच स्टासीत आहात का? माझे बाबा म्हणतात, ती वाईट माणसं असतात. वीस्लर सवयीने विचारायला लागतो, "नाव काय तुझ्या...", आणि अडखळतो. बापाचं नाव अगदी ओठांवर आलेलं असतं. मग म्हणतो, "तुझ्या चेंडूचं." चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, तरी आत काहीतरी मोडल्याचं आपल्याला कळतं. हे न हलणं हीच त्याची खरी ताकद, असं मला मनापासून वाटतं.

हीच ताकद ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिखाएल हानेकेने भीतीसाठी वापरली. 'बेनीज व्हिडिओ' (1992) मध्ये मुलाच्या हातून खून झालाय आणि बाप म्हणून म्यूहे प्रेताची विल्हेवाट कशी लावायची हे घरखर्चाचा हिशोब करावा तसं बोलत बसतो. मला तो प्रसंग एका बैठकीत बघवला नाही. 'फनी गेम्स' (1997) मध्ये सुरुवातीलाच त्याचा पाय निकामी होतो आणि पुढे घरच्यांचे हाल बघत बसण्यापलीकडे त्याच्या हातात काही राहत नाही. बायकोच्या भूमिकेतली सुझान लोथार ही त्याची खरीखुरी बायको. जीव घट्ट असेल तरच बघा.

जर्मनीतल्या घरोघरी मात्र तो ओळखला गेला टीव्हीमुळे. 'डेअर लेत्सटे त्सॉइगे', म्हणजे 'शेवटचा साक्षीदार', ही झेडडीएफ वाहिनीवरची मालिका 1998 ते 2007 चालली. त्यात तो न्यायवैद्यक डॉक्टर कोलमार. साक्षीदार म्हणजे टेबलावरचं प्रेत. मोठी कला म्हणून कुणी तिचं नाव घेत नाही, पण मला तिथला म्यूहे फार आवडतो: सैल, मिश्कील, माणसात असलेला.

फेब्रुवारी 2007 मध्ये 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स'ला ऑस्कर मिळालं आणि जुलैमध्ये पोटाच्या कर्करोगाने तो गेला. वय 54. आता कुठे बाहेरच्या दिग्दर्शकांची दारं उघडली असती, हे अजूनही मनाला लागतं.

सुरुवात मालिकेपासून करा, हानेके नंतर. आणि डब केलेली प्रत अजिबात नको, सबटायटलचीच घ्या. चेहरा स्थिर असतो तेव्हा या माणसाचं सगळं काम आवाज करतो.