मुलांसाठी स्वप्नांची कादंबरी लिहिताय? आधी एवढं सांभाळा

तुमची पहिली तीन प्रकरणं वाचली. अपघातानंतर रोज रात्री त्याच बुडत्या घरात जाणारी ती मुलगी मनातून जात नाही. लिहीत राहा.

नवे लेखक हमखास करतात ती चूक म्हणजे स्वप्नातला राक्षस हरला की सकाळी मूल बरं झालेलं असतं. तसं होत नसतं. धक्क्यातून सावरणं मागेपुढे होत चालतं. आठवडाभर बरं वाटतं आणि एखाद्या आवाजाने, वासाने सगळं परत उसळून येतं. तिला एकदा तरी पुन्हा हरू द्या. आणि जागेपणी तिचं नीट ऐकून घेणारं एक मोठं माणूस कथेत हवंच. वाचणाऱ्या एखाद्या मुलालाही तसंच कुणीतरी हवं असतं.

सुरुवातीला एवढं पुरे:
- स्वप्नजगाचे दोन-तीनच नियम करा, पण ते पाळा.
- अपघात तपशिलात दाखवू नका. ओला बूट पुरेसा आहे.
- 'ते सगळं स्वप्नच होतं' असा शेवट नको. मुलांना फसवल्यासारखं वाटतं.

वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर एक खरा उपचार आहे: जागेपणी त्या स्वप्नाची गोष्ट बदलून लिहायची आणि रोज थोडा वेळ ती मनात घोळवायची. तुमच्या मुलीच्या हाती जादूची तलवार आहे ना, त्याऐवजी वही देऊन बघा. मला तरी ती जास्त खरी वाटेल.

प्रतीकं, झोपेचं शास्त्र वगैरे नंतर बोलू. आधी चौथं प्रकरण पूर्ण करा.