एक्स-रे मशीन समोर असताना मायट्रल क्लिपसाठी घशातून सोनोग्राफी कशाला करतात?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या हृदयातल्या मायट्रल झडपेची (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप) गळती छाती न उघडता क्लिप लावून थांबवणार आहेत, एक्स-रे मशीन तिथे असणारच, मग पूर्ण भूल देऊन घशातून इको (हृदयाची सोनोग्राफी) करायची काय गरज?

मी कार्डियाक भूलतज्ज्ञ आहे. अशा प्रोसिजरमध्ये घशातून अन्ननलिकेत घालायचा सोनोग्राफीचा प्रोब (टीईई) बऱ्याचदा माझ्याच हातात असतो, त्यामुळे मी थोडा त्याच्या बाजूने बोलणार हे गृहीत धरा.

एक्स-रेवर तार, कॅथेटर आणि क्लिप ठळक दिसतात. झडपेच्या पाकळ्या मात्र दिसतच नाहीत, आणि पकडायच्या असतात त्या पाकळ्याच, तेही हृदय धडधडत असताना. अन्ननलिका हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला मागून जवळजवळ चिकटून जाते. मध्ये बरगडी नाही, फुप्फुसातली हवा नाही. म्हणून तिथून झडप जितकी स्वच्छ दिसते तितकी छातीवरून दिसत नाही.

कॅथेटर मांडीच्या शिरेतून उजव्या कप्प्यात येतो आणि मधला पडदा छेदून डावीकडे जातो. हा छेद कुठे घ्यायचा ते इकोवर ठरतं. सुईने दाबल्यावर पडदा तंबूसारखा ताणलेला दिसतो. तो ताण फार पुढे असेल तर तिकडे महाधमनी आहे, आणि फार खाली असेल तर क्लिप वळवायला जागा उरत नाही. झडपेपासून साधारण ४ ते ५ सेंमी उंची हवी असते. ती मनासारखी मिळाली नाही तर सुई मागे घेऊन जागा बदलायची, त्यात कमीपणा नाही.

पुढे थ्रीडी चित्रात झडप वरून बघतात आणि क्लिपचे हात पाकळ्या मिटतात त्या रेषेला काटकोनात आणतात. क्लिप खालच्या कप्प्यात उतरताना फिरू शकते, म्हणून तिथे पुन्हा तपासणी. मग ती हळूहळू वर ओढत दोन्ही पाकळ्या पकडायच्या. खरा वेळ इथे जातो. एका पाकळीची नुसती कड अडकली असेल तर क्लिप नंतर त्या बाजूने सुटू शकते. शिवाय क्लिपच्या धातूची सावली नेमकी हवी ती पाकळी झाकते! मग कोन बदल, रेकॉर्डिंग मागे नेऊन संथ गतीने बघ, असं चालतं. ऑपरेटरचे डोळेही त्या वेळी आमच्याच पडद्यावर असतात.

पकड बसली की दोन गोष्टी बघायच्या: गळती किती उरली आणि झडप फार अरुंद तर झाली नाही ना. झडपेच्या दोन बाजूंमधला सरासरी दाबफरक ५ मिमी पाऱ्याच्या वर जाऊ लागला की आम्ही सावध होतो. भुलेखाली रक्तदाब उतरतो आणि गळती आहे त्यापेक्षा कमी भासते, म्हणून दाब औषधाने नेहमीच्या पातळीवर आणूनच निकाल द्यावा असं माझं ठाम मत आहे. क्लिप कॅथेटरला जोडलेली असेपर्यंत उघडून पुन्हा लावता येते. एकदा सोडली की नाही.

ही कल्पना मुळात शस्त्रक्रियेतलीच आहे. ओत्ताविओ अल्फिएरी या इटालियन सर्जनने १९९१ मध्ये दोन पाकळ्या मध्यभागी टाक्याने जोडल्या होत्या. क्लिप टाक्याशिवाय तेच करते.

आता वडिलांबद्दल. गिळताना अडकतं का, अन्ननलिकेचा आजार किंवा ऑपरेशन झालंय का, रक्ताची उलटी, यकृताचा जुना आजार, हलणारे दात, हे सगळं न विचारता आधीच सांगा. नंतर एक-दोन दिवस घसा दुखणं नेहमीचं आहे. अन्ननलिकेला इजा क्वचितच होते, पण होऊ शकते. छातीत तीव्र वेदना, ताप किंवा गिळताना खूप त्रास झाला तर लगेच कळवा. प्रोब घालणं शक्यच नसेल तर शिरेतून हृदयात नेता येणारा छोटा इको कॅथेटर काही ठिकाणी वापरतात. तुमच्या टीमला त्याचा सराव आहे का, हे जरूर विचारा.