विंचू खरा की खोटा?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे कोल्हापूरहून आलेले पत्र काल मिळाले. आजीने तुला मंगळवार पेठेत भारूड ऐकायला नेले, विंचू चावला म्हणून ओरडणाऱ्या माणसाला पाहून लोक हसले, आणि परतताना आबा म्हणाले की तो विंचू म्हणजे राग. रागच सांगायचा होता तर मराठी माणसे सरळ ‘राग करू नका’ असे का म्हणत नाहीत, हा तुझा प्रश्न मला फार आवडला.

‘राग करू नको’ हे मी तुला अनेकदा सांगितले आहे, पण ते कानांवरून जाते, कारण त्यात डोळ्यांपुढे उभे राहील असे काहीच नाही. १६व्या शतकात पैठणला संत एकनाथांनी ज्यांच्यासाठी भारुडे रचली, त्या शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसांना विंचू म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते. ‘काम क्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला’ या ओळींतला घाम नीट पाहा. लाल विंचवाच्या विषाने माणसाला खरोखरच दरदरून घाम सुटतो; महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर दीर्घकाळ काम करताना हे लक्षण नोंदवले आहे. संतापलेल्या माणसाचेही अंग घामेजते आणि त्याला भान राहत नाही. म्हणूनच येथे साप किंवा वाघ चालला नसता.

राग विंचवासारखा आहे, असे म्हटले तर ती उपमा झाली. राग हाच विंचू, असे म्हटले की ते रूपक होते, आणि मग कवीला ते शेवटपर्यंत निभवावे लागते: विंचू आला म्हणजे विष चढणार, विष चढले म्हणजे उतारा शोधावा लागणार, आणि उतारा म्हणून नाथ सत्त्वगुणाचा अंगारा लावायला सांगतात. अशी बोली तुला अगदीच नवी नाही. खासबागेच्या मैदानात पाठ मातीला लागलेल्या पैलवानाला वर आभाळच दिसते, म्हणून क्रिकेटच्या सामन्यातही आपण ‘अस्मान दाखवले’ म्हणतो.

आबांचे म्हणणे बरोबर आहे, तरीही ‘विंचू म्हणजे राग’ एवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. अर्थ सापडला म्हणून विंचू बाजूला टाकला, तर हातात पुन्हा तोच कोरडा उपदेश उरतो. वेदना विंचवात आहे, ती आधी जाणवली पाहिजे. उलट, प्रत्येक शब्दामागे काही दडले आहे असे समजून शोधत बसण्याचेही कारण नाही. भारुडातले लोक हसतात ते सोंग पाहून, आणि तेवढे पुरेसे आहे.

मला सर्वांत प्रिय आहे तो शेवट. विष उतरल्यावरही ‘किंचित राहिली फुणफुण’ असे नाथ म्हणतात, आणि ती फुणफुण आपल्या गुरूंनी, जनार्दनस्वामींनी, शांत केली असे सांगतात. राग गेल्यावरही आत काहीतरी ठणकत राहते, हे त्यांनी लपवले नाही.

आजीला लहानपणी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या शेतात विंचू चावला होता. त्या रात्रीची हकीकत तिच्याकडून सावकाश ऐकून घे, आणि मग तिच्याशेजारी बसून ते भारूड मोठ्याने वाच.

तुझी,
आई